अल्कीनच्या अभिक्रिया : उत्पादनाआधी आयन ओळखावा

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवताना मला असे दिसते की, मार्कोव्हनिकोव्हचा नियम (अल्कीनला, म्हणजे कार्बन-कार्बन द्विबंध असलेल्या संयुगाला, हायड्रोजन हॅलाइड जोडले जाते तेव्हा हायड्रोजन हा द्विबंधातील जास्त हायड्रोजन असलेल्या कार्बनकडे जातो) बहुतेक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो, पण तो का लागू पडतो हे थोड्यांनाच सांगता येते. हा नियम १८७० च्या सुमाराचा, म्हणजे इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याच्याही आधीचा आहे. तो निरीक्षणातून आला आणि त्याचे कारण पुष्कळ नंतर उमगले. नव्या विद्यार्थ्याने त्या कारणापासूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइडची अभिक्रिया होते तेव्हा द्विबंधातील सैल पाय-इलेक्ट्रॉन हायड्रोजनकडे जातात, म्हणून वहीत इलेक्ट्रॉनांची हालचाल दाखवणारा बाणही द्विबंधापासूनच निघाला पाहिजे, हायड्रोजनपासून नव्हे. हायड्रोजन टोकाच्या कार्बनला जोडला गेला, की धनप्रभार मधल्या कार्बनवर येतो, आणि दोन्ही बाजूंच्या मिथिल गटांमुळे हा द्वितीयक कार्बोकॅटायन (धनप्रभारित कार्बनला दोन कार्बन जोडलेला आयन) प्राथमिकापेक्षा (एकच कार्बन जोडलेल्यापेक्षा) बराच स्थिर असतो. त्यावर ब्रोमाइड येऊन २-ब्रोमोप्रोपेन मिळते.

ही समज खरी कसाला लागते ती ३-मिथिल-१-ब्युटीन आणि हायड्रोजन क्लोराइड यांच्या अभिक्रियेत. केवळ नियमावर विसंबणारा विद्यार्थी २-क्लोरो-३-मिथिलब्युटेन लिहून थांबतो. प्रत्यक्षात शेजारच्या कार्बनवरील हायड्रोजन आपल्या इलेक्ट्रॉनजोडीसह सरकतो, द्वितीयक आयनाचा अधिक स्थिर तृतीयक (तीन कार्बन जोडलेला) आयन होतो आणि २-क्लोरो-२-मिथिलब्युटेनही मोठ्या प्रमाणात तयार होते. मला हे उदाहरण सर्वांत मोलाचे वाटते, कारण आयन कागदावर काढल्याशिवाय ते सुटतच नाही.

पेरॉक्साइडच्या उपस्थितीत हायड्रोजन ब्रोमाइड मार्कोव्हनिकोव्हच्या नियमाच्या उलट जोडला जातो, हे खाराश आणि मेयो यांनी १९३३ मध्ये दाखवले. पण ती आयनांची नव्हे, तर मुक्त मूलकांची (एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या कणांची) अभिक्रिया आहे, तिला वेगळे ठेवावे.

ब्रोमीनच्या बाबतीत मात्र साधा कार्बोकॅटायन पुरेसा नाही. सायक्लोहेक्झीनपासून ट्रान्स-१,२-डायब्रोमोसायक्लोहेक्झेनच (दोन ब्रोमीन कड्याच्या विरुद्ध बाजूंना असलेले) मिळते, याचे स्पष्टीकरण रॉबर्ट्स आणि किम्बल यांनी १९३७ मध्ये सुचवलेल्या, तीन अणूंचे कडे असलेल्या ब्रोमोनियम आयनाने होते : एक बाजू ब्रोमीनने अडवलेली असल्यामुळे ब्रोमाइड विरुद्ध बाजूने येतो. ट्रान्स-२-ब्युटीनपासून मेसो (आरशातील प्रतिमेशी तंतोतंत जुळणारे) आणि सिस-२-ब्युटीनपासून (जिथे दोन्ही मिथिल गट एकाच बाजूला असतात) रेसेमिक (एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेल्या दोन रूपांचे समप्रमाणातील मिश्रण) उत्पादन का मिळते, हे नुसत्या आकृतीवरून पटत नाही. त्यासाठी रेणूंची प्रारूपे हातात घेऊन दोन्ही अभिक्रिया स्वतः जोडून पाहाव्यात.