फ्रीजचा थर्मोस्टॅट बिघडला असे ठरवताना या चुका टाळा

खान्देशात आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की फ्रीजवरचा ताण एकदम वाढतो. माहेरी आलेल्या लेकी, आमरसाची पातेली, पाण्याच्या बाटल्या, दर पाच मिनिटांनी उघडणारे दार आणि बाहेर ४४-४५ अंशांवर गेलेला पारा. अशा वेळी फ्रीज पुरेसा गार करेनासा झाला की पहिला संशय थर्मोस्टॅटवर जातो आणि बोलावलेला मेकॅनिकही पुष्कळदा तोच बदलून मोकळा होतो. जळगावला आमच्या घरी असेच घडले. नवा थर्मोस्टॅट बसवला, दोन दिवसांनी तक्रार जशीच्या तशी राहिली आणि अखेर दोष दाराच्या फाटलेल्या रबरात निघाला. खर्चाचे दुःख होतेच, पण धडधाकट भाग काढून टाकला याचे मला अधिक वाईट वाटले.

ही चूक टाळण्यासाठी थर्मोस्टॅट नेमके काय करतो हे माहीत असावे लागते. एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये नॉबच्या मागे एक छोटी डबी असते आणि तिच्यातून एक बारीक, आत वायू भरलेली नळी निघून फ्रीजरच्या पत्र्याला क्लिपने चिकटवलेली असते. पत्रा तापला की नळीतल्या वायूचा दाब वाढतो, डबीतले संपर्क जुळतात आणि कॉम्प्रेसर सुरू होतो. पत्रा पुरेसा गार झाला की दाब उतरतो, संपर्क सुटतात आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. थोडक्यात, थर्मोस्टॅट गारवा निर्माण करत नाही, तो कॉम्प्रेसरला फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’ सांगतो. म्हणून कॉम्प्रेसर मुळीच सुरू होत नाही किंवा फ्रीजमधले दूध गोठले तरी थांबत नाही, या दोन तक्रारींतच थर्मोस्टॅटवर संशय घ्यावा. कॉम्प्रेसर तासन्‌तास चालतो आहे आणि तरीही आत गार होत नाही, अशी स्थिती असेल तर दोष बहुधा दुसरीकडे असतो.

सर्वांत जास्त होणारी चूक इथेच होते. गार होत नाही म्हणून नॉब ७ वर नेला जातो आणि तरीही फरक पडला नाही की थर्मोस्टॅट गेला असे ठरवले जाते. नॉबवरचे आकडे हे अंश नसतात आणि मोठा आकडा लावल्याने फ्रीज लवकर गार होत नाही. कॉम्प्रेसर अधिक गारव्यापर्यंत चालत राहतो, एवढाच त्याचा अर्थ. उलट फ्रीजरवर बर्फाचा जाड थर साचतो आणि खालच्या कप्प्यांपर्यंत गारवा पोहोचणे अधिकच अवघड होते. अशा तक्रारीत आधी दाराच्या फटीत दहाची नोट धरून दार लावावे. नोट सहज ओढून निघत असेल तर रबर ढिले झाले आहे. मागच्या जाळीवरची धूळ ब्रशने काढावी आणि फ्रीज भिंतीपासून साधारण १० सेंटिमीटर पुढे ओढावा. फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरतो, बाकीचा पत्रा कोरडा राहतो आणि मागची जाळी गरमही होत नाही, असे दिसले तर गॅस कमी झाल्याचा संशय घ्यावा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही हिशोब ठेवायला हवा. फ्रीजच्या माहितीपट्टीवर ‘टी’ (T) हा हवामान-वर्ग लिहिलेला असेल, तर तो फ्रीज १६ ते ४३ अंश सेल्सिअसच्या खोलीत काम करण्यासाठी बनवलेला असतो. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पत्र्याच्या छताखालचे स्वयंपाकघर दुपारी ही मर्यादा ओलांडते आणि मग कॉम्प्रेसर जवळजवळ अखंड चालतो. त्याला थर्मोस्टॅटचा दोष म्हणू नये. पहाटे खोली निवल्यावरही तो थांबत नसेल तरच पुढची तपासणी करावी.

कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल तेव्हा घाई करू नये. आतला दिवा लागतो का, हे आधी पाहावे. नंतर नॉबच्या मध्यभागी असलेले डीफ्रॉस्टचे बटण दाबले गेलेले नाही ना, याची खात्री करावी, कारण ते दाबल्यावर फ्रीजरचा बर्फ वितळेपर्यंत कॉम्प्रेसर बंदच राहतो आणि बटण नंतर आपोआप बाहेर येते. भाजी ठेवताना कुणाच्या तरी हाताने ते दाबले जाते आणि घरातले सगळे फ्रीज मेला म्हणून हळहळतात, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. त्यानंतर कान द्यावा. मागून गुणगुण ऐकू येते, काही सेकंदांत टक्‌ आवाज होऊन ती थांबते आणि काही मिनिटांनी हेच पुन्हा घडते, तर थर्मोस्टॅटने आपले काम केलेले आहे. अडचण रिले (कॉम्प्रेसरला सुरुवात करून देणारा भाग), ओव्हरलोड (कॉम्प्रेसर जास्त तापला की वीज तोडणारा भाग), खुद्द कॉम्प्रेसर किंवा विजेच्या कमी दाबात आहे. शेतीपंपांचा भार वाढला की गावात दाब उतरतो आणि स्टॅबिलायझर नसेल तर १८० व्होल्टच्या खाली अनेक फ्रीज असेच धडपडतात. वीज गेली आणि लगेच आली तरीही हेच होते, म्हणून अशा वेळी प्लग काढून किमान पाच मिनिटे थांबावे.

नळीकडे कुणी पाहतच नाही, आणि माझ्या मते ही सर्वांत मोठी हयगय आहे. नळीला चीर पडून वायू निघून गेला तर दाब कायमचा उतरतो, फ्रीजर अतिशय गार असल्याचा थर्मोस्टॅटचा समज होतो आणि कॉम्प्रेसर कधीच सुरू होत नाही. नळी शाबूत आहे पण क्लिपमधून निसटली आहे, असे असेल तर उलट घडते. गेल्या पावसाळ्यात धुळ्याला एका नातेवाइकांकडे वरच्या कप्प्यातली दुधाची पिशवी विटेसारखी कडक झाली होती आणि मेथीची जुडी हातात घेताच पाने मोडत होती. प्लग काढून फ्रीजरजवळचे झाकण उघडले, तेव्हा नळीचे टोक पत्र्यापासून दोन बोटे दूर लोंबकळत होते. आठवड्यापूर्वी उलथण्याने बर्फ खरवडताना ते सुटले होते. टोक पुन्हा क्लिपमध्ये घट्ट बसवले, एवढेच. त्या संध्याकाळी कॉम्प्रेसर टक्‌ करून थांबला, तो आवाज आम्ही सर्वांनी उभे राहून ऐकला. उलथण्याने किंवा सुरीने बर्फ काढूच नये. पत्र्याला बारीकसे भोक पडले तरी गॅस जातो आणि दुरुस्ती फार महागात पडते.

खात्री करायची असेल तर प्लग काढून, तारांच्या जोडणीचा फोटो घेऊन, थर्मोस्टॅट सोडवावा आणि मल्टीमीटर (वीज मोजण्याचे उपकरण) सातत्याच्या, म्हणजे दोन टोके आतून जुळली आहेत का हे दाखवणाऱ्या, खुणेवर ठेवावा. खोलीच्या तापमानाला नॉब मधल्या आकड्यावर असताना मुख्य दोन टोके जुळलेली दिसली पाहिजेत आणि नॉब ‘बंद’वर नेताच ती सुटली पाहिजेत. मग नळीचे टोक गारव्यात धरावे. नुसत्या बर्फाच्या पाण्यात धरून ‘सुटत नाही, म्हणजे खराब’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे, कारण ते पाणी शून्याच्या आसपास असते आणि पुष्कळ थर्मोस्टॅट त्याहून बऱ्याच खाली गेल्यावर सुटतात. फोडलेल्या तीन वाट्या बर्फात एक वाटी मीठ मिसळून त्यात टोक ठेवावे. चांगला थर्मोस्टॅट काही मिनिटांत टक्‌ करतो.

थर्मोस्टॅट वगळून त्याच्या तारा एकमेकींना जोडून फ्रीज ‘डायरेक्ट’ करण्याची पद्धत तपासणीपुरती ठीक आहे, तीही जाणत्या माणसाने, प्लग काढून तारा जोडून व झाकून केलेली. नवा भाग येईपर्यंत फ्रीज तसाच चालवला तर कॉम्प्रेसरला विसावा मिळत नाही. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर किंवा इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजवर हा प्रयोग कधीही करू नये. तिथे नळीऐवजी सेन्सर असतो आणि निर्णय सर्किट घेते. शिवाय अनेक फ्रीजमध्ये गारव्यासाठी भरलेला आर-६००ए हा गॅस ज्वलनशील असल्याने गळतीची शंका असेल तर खिडक्या उघडाव्यात आणि कोणतेही बटण दाबू नये.

नवा थर्मोस्टॅट घेताना जुना सोबत न्यावा. डीप फ्रीजरचा थर्मोस्टॅट त्याच भोकात बसतो, पण त्याचे चालू-बंदचे तापमान वेगळे असते आणि मग भाजी गोठण्याची नवीच तक्रार सुरू होते. नळी पूर्वी जिथवर होती तिथवरच, तीव्र वळण न देता बसवावी. नंतर मधल्या कप्प्यात पाण्याचा पेला ठेवून त्यात थर्मामीटर बुडवावा, दार शक्य तितके कमी उघडावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा पाहावा. तो ४ अंशांच्या आसपास यायला हवा.