या चुका टाळा: केळी दिल्लीला पोचते, तक्रार बांधावर पोचत नाही

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यात दोन शेतकरी भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "काय भाव निघाला?" गेल्या गाडीतल्या मालाचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक.

थंडीचंच बघा. डिसेंबर-जानेवारीत पारा उतरला की केळीला चरका बसतो. साधारण १३ अंशांखाली फळ गारठतं, सालीखाली तपकिरी रेषा उमटतात. हिरव्या घडावर वरून काहीच कळत नाही. पिकवायच्या खोलीतून माल निघतो तेव्हा साल चकचकीत पिवळी व्हायच्या ऐवजी मळकट दिसते. मग व्यापारी बागेला दोष देतो, शेतकरी गाडीला आणि पिकवणारा दोघांना. कापणीच्या दिवशी एका फळाची साल चाकूने पातळ सोलून फोटो काढा. सोबत निसवण (घड बाहेर पडणं) कधीची, आठवडाभर रात्री थंडी किती होती, हे चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी गाडीबरोबरच धाडा. रेषा तेव्हाच असतील तर गारठा शेतातला. नसतील तर वाट आणि खोली तपासा. थंडी कालचीच असेल तर मात्र निकालाची घाई नको, रेषा उमटायला वेळ लागतो.

दुसरी चूक व्हॉट्सॲप ग्रुपवरची. एक अंधुक फोटो, खाली "काय मारू?" आणि अर्ध्या तासात सात औषधांची नावं! कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे असतील तर सीएमव्हीचा (कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे विषाणूजन्य रोगाचा) संशय घ्या. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या असतील तर अन्नद्रव्य कमी पडलं असू शकतं. सीएमव्हीचं झाड फवारणीने बरं होत नाही, ते उपटून पुरावंच लागतं. औषध चालतं ते रोग पसरवणाऱ्या मावा किडीवर. म्हणून विचारताना लागवडीची तारीख, पान कोवळं की जुनं, शेजारी काकडी, मिरची, टोमॅटो आहे का, एवढं सांगा. आणि लपवू नका. मावा बांध ओळखत नाही.

कापणीच्या टोळीला तर कुणी काही सांगतच नाही. चीक लागून फण्या काळवंडल्या, हे त्यांना कळलंच नाही तर पुढच्या बागेतही तसंच होणार. दहा पानी पीडीएफ कोण वाचतो? डाग पडलेल्या फणीचा फोटो आणि अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज मुकादमाला पाठवा, लेवा गणबोलीत नाहीतर अहिराणीत. टोळी पावरी (पावरा आदिवासींची बोली) बोलणारी असेल तर मेसेज त्यांच्यातल्याच कुणाच्या आवाजात करून घ्या.