कर्नलच्या हाती मेमरी सोपवण्याआधी बूटलोडरने करायची कामं

बूटलोडर म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) मेमरीत आणून चालू करणारा छोटा प्रोग्राम. क्यूएमूमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या नकली मशीनवर, तो बिनबोभाट चालतो, आणि तोच पेनड्राइव्ह लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या जुन्या डेस्कटॉपला लावला की मशीन पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत राहतं. यात मशीनचा दोष क्वचितच असतो. क्यूएमू रॅम शून्यांनी भरलेली देतो, त्याच्या बायोसने (मशीनमधलं सुरुवातीचं फर्मवेअर) ए२० लाइन, म्हणजे एक एमबीच्या वरच्या पत्त्यांची वाट, आधीच उघडलेली असते आणि त्याचा मेमरीचा नकाशाही (कुठली मेमरी वापरता येते त्याची यादी) सुबक असतो. खऱ्या मशीनवर यातलं काहीच गृहीत धरता येत नाही.

इथे एक्स८६ पीसीचा विचार केला आहे. पत्ते, पोर्ट, इंटरप्टचे क्रमांक आणि रजिस्टरमधल्या किमती हेक्समध्ये आहेत. आकार आणि बिट क्रमांक नेहमीच्या दशमानात. रॅमच्या पट्टीवरची एसपीडी चिप (पट्टीची माहिती साठवणारी) वाचून मेमरी कंट्रोलर जुळवणं हे फर्मवेअरचं काम, ते बूटलोडरपर्यंत येतच नाही. (एआरएम बोर्डांवर ते बरेचदा यू-बूट या बूटलोडरच्या पहिल्या टप्प्याकडे (एसपीएल) असतं, तो वेगळा विषय.)

जुनं मशीन वापरणार असाल तर कोडला हात लावण्याआधी रॅमची पट्टी काढा, सोनेरी कॉन्टॅक्ट साध्या खोडरबराने पुसा आणि मेमटेस्ट८६+ ची एक फेरी पूर्ण होऊ द्या. मुंबईच्या दमट हवेत कॉन्टॅक्टवर थर चढतो, आणि एक बिट उलटला की माणूस दिवसभर चांगल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतो.

पहिल्या एक एमबीची वाटणी

बायोस ५१२ बाइटचा बूट सेक्टर ७सी०० ला आणून ठेवतो. ० ते ३एफएफ इंटरप्ट व्हेक्टर आणि ४०० ते ४एफएफ बायोसचा डेटा. बायोसची गरज संपेपर्यंत इथे काही लिहू नका. ए०००० पासून एफएफएफएफएफ पर्यंत व्हिडिओ आणि रॉम. मधली जागा तुमची, पण वरच्या टोकाला ईबीडीए (बायोसचा जास्तीचा डेटा) असतो. तो बहुतेक मशीनवर ९एफसी०० ला सुरू होतो, तरी हा आकडा कोडमध्ये पक्का करू नका. ४०ई वर त्याचा सेगमेंट लिहिलेला असतो, किंवा इंटरप्ट १२ (बायोसला हाक मारायची सूचना) विचारला की खालची मेमरी किती केबी ते कळतं.

चालणारी एक वाटणी अशी: पेज टेबलं (प्रोग्रामचे पत्ते खऱ्या मेमरीशी जोडणारी) १००० ते ३एफएफएफ, नकाशाचा बफर ५०००, स्टॅक ७सी०० पासून खाली, दुसरा टप्पा (बूट सेक्टरमध्ये न मावणारा बूटलोडरचा उरलेला कोड) ७ई०० पासून, डिस्कचा बफर १००००. सुरुवातीलाच कागदावर लिहून ठेवा. दुसरा टप्पा वाढत वाढत डिस्कच्या बफरपर्यंत पोहोचला की पुढचं वाचन त्याच्याच कोडवर पडतं, म्हणजे बसलेली फांदीच तोडणं.

नकाशा मागणं

मेमरीचा नकाशा बायोसकडून एकेक नोंद करून मागायचा. त्यासाठी इंटरप्ट १५, ईएएक्स या रजिस्टरमध्ये ई८२०, ईडीएक्समध्ये ५३४डी४१५० (हीच ‘एसमॅप’ खूण), ईसीएक्समध्ये दशमान २४, पहिल्या वेळी ईबीएक्स शून्य, आणि ईएस:डीआयमध्ये बफरचा पत्ता. परत येताना कॅरी (चूक झाल्याची खूण देणारा फ्लॅग) बंद हवा आणि ईएएक्समध्ये तीच खूण हवी. ईबीएक्समधली किंमत जशीच्या तशी पुढच्या कॉलला द्यायची; ती शून्य झाली की नकाशा संपला.

इथे हमखास चुकतं ते असं. कॉलनंतर ईएएक्समध्ये खूण येऊन बसलेली असते, त्यामुळे प्रत्येक फेरीत ई८२० पुन्हा भरावं लागतं. काही बायोस ईडीएक्सही बिघडवतात, तेही पुन्हा भरा. काही बायोस शेवट ईबीएक्सने न सांगता पुढच्या कॉलला कॅरी लावून सांगतात. एखादी नोंद हाती आल्यावर लागलेला कॅरी म्हणजे शेवट समजा. आणि काही बायोस २४ मागितले तरी २० बाइटच भरतात. म्हणून शेवटच्या चार बाइटमध्ये कॉलआधीच १ लिहून ठेवा, नाहीतर तिथला जुना कचरा ‘ही नोंद सोडून द्या’ असा वाचला जाईल.

एका नोंदीत ८ बाइट सुरुवात, ८ बाइट लांबी, ४ बाइट प्रकार. प्रकार १ वापरण्याजोगी, २ राखीव, ३ एसीपीआयची (हार्डवेअरची माहिती देणारी टेबलं; वाचून झाल्यावर मोकळी करता येते), ४ एसीपीआय एनव्हीएस (कधीच हात लावू नका), ५ खराब. अनोळखी प्रकार आला तर राखीव धरा. १२८ एमबी दिलेल्या क्यूएमूवर वापरण्याजोग्या नोंदी दोनच येतात: ० पासून ९एफबीएफएफ, म्हणजे ६३९ केबी, आणि १००००० पासून ७एफडीएफएफएफएफ, म्हणजे १२६ एमबी ८९६ केबी. खऱ्या मशीनवर नोंदी क्रमाने येतीलच असं नाही, त्या एकमेकींवर चढतात, शून्य लांबीच्याही असतात. आधी सुरुवातीच्या पत्त्याने लावून घ्या. दोन नोंदी एकमेकींवर आल्या तर जास्त कडक प्रकार खरा माना.

४ जीबी रॅमच्या मशीनवर आणखी एक गंमत होते. ४ जीबीच्या खालचा काही पट्टा पीसीआय उपकरणांना लागतो. त्याखाली झाकली गेलेली रॅम चिपसेट वर सरकवतो आणि नकाशात १०००००००० पासून सुरू होणारी नोंद दिसते. ३२ बिटच्या कोडने सुरुवातीचा खालचा अर्धा भागच वाचला तर तो भरतो शून्य. मग ॲलोकेटर (मेमरी वाटून देणारा कोड) पत्ता ० पासूनची पानं खुशाल वाटायला लागतो, तुमच्या पेज टेबलांसकट. क्यूएमूला १२८ एमबी देऊन हे कधीच दिसणार नाही. एकदा ६ जीबी देऊन बघा.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे बायोसच्या नकाशात तुमचं स्वतःचं काहीच नसतं. कर्नल, इनिटआरडी (कर्नलला सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा), पेज टेबलं, कमांड लाइन हे सगळं त्याच्या लेखी ‘वापरण्याजोगी’ मेमरीतच आहे. एवढे पट्टे नकाशातून कापून राखीव दाखवणं, किंवा वेगळ्या यादीने कर्नलला कळवणं, हे बूटलोडरचंच काम.

ए२०

आधी तपासा, मग उघडा. ०:७डीएफई आणि एफएफएफएफ:७ई०ई हे पत्ते बरोबर एक एमबीच्या अंतरावर आहेत. एका ठिकाणी किंमत बदलली की दुसरीकडेही बदलत असेल तर लाइन बंद. नुसती तुलना पुरेशी नाही, योगायोगाने दोन्हीकडे सारखंच काही असू शकतं. उघडण्यासाठी आधी इंटरप्ट १५ ला एएक्स २४०१, मग कीबोर्ड कंट्रोलर (पोर्ट ६४ ला डी१, मग ६० ला डीएफ, दोन्ही वेळा इनपुट बफर रिकामा होण्याची वाट बघून), आणि शेवटी पोर्ट ९२ चा बिट १. त्याच पोर्टचा बिट ० चुकून लागला की मशीन रीसेट होतं. प्रत्येक उपायानंतर पुन्हा तपासणी.

कर्नल जागेवर ठेवणं

रिअल मोडमधून (प्रोसेसरचा सुरुवातीचा १६ बिटचा मोड) बायोस एक एमबीच्या वर लिहू शकत नाही. म्हणून इंटरप्ट १३, एएच ४२ ने खालच्या बफरमध्ये वाचा, ३२ बिटच्या प्रोटेक्टेड मोडमध्ये जाऊन वर कॉपी करा, परत या. एका वेळी १२७ पेक्षा जास्त सेक्टर मागू नका, बऱ्याच बायोसची मर्यादा तिथेच आहे.

कर्नल ज्या ईएलएफ स्वरूपात असतो, त्या फाइलमधल्या प्रत्येक लोड सेगमेंटला फाइलमधला आकार आणि मेमरीतला आकार वेगळे असतात. मधला फरक म्हणजे बीएसएस (शून्यापासून सुरू होणारा डेटा), तो शून्य करायलाच हवा. हे विसरलं तरी क्यूएमूवर कळतही नाही. म्हणून चाचणीच्या बिल्डमध्ये कर्नल ठेवण्याआधी तो सगळा पट्टा सीसी या बाइटने भरून टाका. चूक असेल तर तिथेच उघडी पडते.

लिनक्स चढवताना फाइलच्या आकारावर जाऊ नका. हेडरमध्ये २६० वर लिहिलेली इनिट साइझ बघा. कर्नल स्वतःला उलगडतो, तेव्हा एवढी सलग जागा लागते. इनिटआरडीची वरची हद्द २२सी वर मिळते. नकाशाच्या नोंदींची संख्या बूट पॅरामीटरमध्ये १ई८ ला आणि नोंदी २डी० पासून, जास्तीत जास्त १२८. या नोंदी २० बाइटच्या आहेत. बायोसकडून घेतलेल्या २४ बाइटच्या नोंदी एकगठ्ठा कॉपी केल्या तर पहिली बरोबर येते आणि दुसरीपासून सगळं चार-चार बाइटने सरकतं.

लाँग मोड

लाँग मोड म्हणजे प्रोसेसरचा ६४ बिटचा मोड. त्यासाठी तीन पेज टेबलं, प्रत्येकी ४०९६ बाइट, ४०९६ च्या पटीवर, आधी पूर्ण शून्य केलेली. शेवटच्या टेबलात २ एमबीची ५१२ पानं (नोंदीच्या खालच्या बिटांची किंमत हेक्स ८३) म्हणजे पहिला एक जीबी जसाच्या तसा. क्रम: सीआर४ चा बिट ५, सीआर३ मध्ये वरच्या टेबलाचा पत्ता, एमएसआर (प्रोसेसरचं खास रजिस्टर) सी०००००८० चा बिट ८ (शून्यं मोजूनच लिहा), मग सीआर० चा बिट ३१, आणि लगेच ६४ बिट कोड सेगमेंटवर फार जंप. कर्नल एफएफएफएफएफएफएफएफ८००००००० ला लिंक केला असेल तर वरच्या टेबलात ५११ आणि त्याखालच्यात ५१० नंबरची नोंदही भरा. खालचं मॅपिंग मात्र लगेच काढू नका. पेजिंग लागल्यावरची पुढची सूचना अजून खालच्याच पत्त्यावर आहे.

यूईएफआय असेल तर

यूईएफआय हे बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर. त्यात ए२० आणि मोडची कटकट जाते, नकाशाची वाढते. नकाशा देणाऱ्या गेटमेमरीमॅपला आधी शून्य आकार द्या, तो लागणारा आकार सांगतो. तेवढी जागा घेतल्यानेच नकाशा बदलतो, म्हणून दोन-चार नोंदींची जास्तीची जागा घ्या. पुढच्या नोंदीवर जाताना फर्मवेअरने दिलेला डिस्क्रिप्टर साइझ वापरा. स्ट्रक्चर ४० बाइटचं असलं तरी बरीच फर्मवेअर ४८ देतात. नकाशा घेतल्यावर स्क्रीनवर एक ओळही न छापता, त्याच्यासोबत मिळालेल्या कीने एक्झिटबूटसर्व्हिसेस बोलवा, म्हणजे फर्मवेअर मशीन तुमच्या हाती देतं. इनव्हॅलिड पॅरामीटर आला तर नकाशा पुन्हा घेऊन पुन्हा प्रयत्न करा, त्यात दुसरी कुठलीही बूट सर्व्हिस वापरू नका. त्यानंतर बूट सर्व्हिसेसचे पट्टे मोकळे. रनटाइम सर्व्हिसेसचे तसेच राखायचे.

यापुढे फर्मवेअरचं कन्सोल नसतं. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर कॉम हेडर (सिरीयल पोर्टच्या पिना) असेल तर त्याची ब्रॅकेटवाली केबल लावून पोर्ट ३एफ८ वर अक्षरं पाठवा. केबल घेण्याआधी हेडरच्या पिनांची मांडणी बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बघून जा. दोन प्रकारच्या मांडण्या चालतात, आणि चुकीची लावली तर पोर्टवर काहीच धड दिसत नाही.