भाजीपाल्याचा पहिला गुंठा: बी नंतर, चर आधी

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, मृग तोंडावर आला. जळगाव-धुळ्याकडची नोकरदार मंडळी गावाबाहेर दोन-चार गुंठे भाड्याने घेऊन भाजीपाल्याच्या तयारीला लागली आहेत. बी कोणतं आणू, खत किती टाकू, औषध कोणतं मारू, हे सगळे विचारतात. पावसाचं पाणी वावराबाहेर कुठून काढू, असं आपणहून विचारणारा अजून भेटायचा आहे. आणि आषाढात फोन येतात ते त्या पाण्यापायीच.

तापी-गिरणाकाठची जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिले दोन पाऊस या भेगाच पिऊन टाकतात. नवा माणूस खूश होतो, म्हणतो आमच्याकडे पाणी तुंबतच नाही. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि आर्द्रा-पुनर्वसूत झड लागली की तेच वावर परातीसारखं पाणी धरून बसतं. तोवर रोपं लावून झालेली असतात. वाफ्यात पाय टाकला तर घोट्यापर्यंत रुततो. तेव्हा चर खोदायला कोणी उतरत नाही, आणि उतरलं तरी चिखल फावड्याला सोडत नाही.

म्हणून चर आत्ता. कोरड्या काळ्या मातीवर टिकाव टणकन उडतो, हे मान्य. उडत असेल तर पहिल्या पावसानंतर वाफसा येईल, म्हणजे माती ओली असूनही पायाला चिकटणार नाही, त्याच दिवशी खोदा, पण रोप लावायच्या आधी. ती दोन-चार दिवसांची संधी बियाण्याच्या दुकानात घालवू नका.

जमीन कशी आहे ते आधी बघून घ्या. सखल कोपऱ्यात फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. दोनदा पाणी भरून मुरू द्या, म्हणजे भेगा मिटतील. तिसऱ्यांदा संध्याकाळी काठोकाठ भरा. सकाळी खड्ड्यात पाणी दिसलं तर चराशिवाय मिरची लावू नका, हा माझा स्वतःचा ठोकताळा आहे. साक्रीकडच्या मुरमाड रानात खड्डा तासा-दोन तासांत रिकामा होतो. तिथे चराची एवढी निकड नाही, पाणी द्यायचीच जास्त फिकीर.

आता खोदाई. गुंठा म्हणजे ३३ × ३३ फूट. चारही कडेने दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर घ्या. वरच्या अंगाने शेजारच्या रानातून येणारं पाणी याच चरात अडलं पाहिजे, ते वाफ्यांपर्यंत येताच कामा नये. आत साडेतीन फूट रुंदीचे, वीतभर उंचीचे गादीवाफे करा, दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाचा पाट ठेवा. असे सहा वाफे बसतात. पाट नऊ इंच खोल आणि कडेच्या चराला जोडलेला हवा. पुष्कळ जण वाफे सुरेख करतात आणि पाट दोन्ही टोकांना बंद ठेवतात. मग ती नुसती पाच डबकी होतात. उतार डोळ्यांनी ठरवू नका, गवंड्याची लेव्हल पाइप अर्ध्या तासासाठी मागून आणा. ३३ फुटांत दोन-तीन इंच उतार पुरतो.

चराचं तोंड नाल्यात किंवा रस्त्याच्या गटारीत काढा. शेजाऱ्याच्या बांधावर सोडाल तर भाजी राहील बाजूला. बांधावरून तारखा करणारी घरं आपल्याकडे थोडी नाहीत. वाटच नसेल तर सखल कोपऱ्यात चार-पाच फूट खोल खड्डा करा आणि झडीत तो मोटरीने किंवा बादल्यांनी उपसा. भारी जमिनीत तो आपोआप आटेल या भरवशावर राहू नका.

बाकीची कामं:
- शेणखत: हेक्टरी २० टन, म्हणजे गुंठ्याला २०० किलो. चांगलं कुजलेलं.
- मिरची, भेंडी: हेक्टरी १००:५०:५० नत्र, स्फुरद, पालाश. गुंठ्याला युरिया सव्वादोन किलो, सिंगल सुपर फॉस्फेट तीन किलो, म्युरेट ऑफ पोटॅश ८०० ग्रॅम. युरिया निम्मा लागवडीला, निम्मा महिन्याने.
- बीजप्रक्रिया: ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) बियाण्याच्या किलोला ५ ग्रॅम. मी शेणखतातही गुंठ्याला १०० ग्रॅम मिसळतो.
- लागवडीचं अंतर: मिरची ६० × ४५ सें.मी., भेंडी ४५ × ३० सें.मी.
- गवार: पुसा नवबहार. भेंडी: परभणी क्रांती किंवा फुले विमुक्ता.
- गिलकी, दोडकी: कडेला मांडवावर.
- पहिल्या वर्षी दोन गुंठ्यांच्या वर जाऊ नका.

भरीताची वांगीही लावा. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि हिवाळ्यात कापसाच्या काड्यांवर घरचं वांगं भाजायची मजा वेगळीच. पण त्या झाडाला जागा लागते, अडीच-तीन फुटांच्या आत दाटी करू नका.

आता पाणी तुंबल्यावर काय होतं ते. मातीतली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात आणि पाणी ओढणं सोडतात. पाण्यात उभी असलेली मिरची दुपारी माना टाकते. नव्या माणसाला वाटतं ऊन लागलं. तो संध्याकाळी ठिबक आणखी अर्धा तास सोडतो. दोन दिवसांनी पानं पिवळी. मग फोटो घेऊन दुकानात. तिथून ह्युमिक, टॉनिक, १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत अशी पिशवी भरून येते. तीन गुंठ्यांतली मिरची गेलेल्या एका मास्तरांकडे मी अशा अकरा बाटल्या मोजल्या. फावडं शेजाऱ्याचं मागून आणलेलं होतं. मातीत हवा भरणारी बाटली अजून निघालेली नाही.

पाणी साचलंच तर आधी ते बाहेर काढा, त्याच दिवशी. ठिबक बंद. रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडत असतील तर पाणी निघाल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटरला २५ ग्रॅम, बुडाशी आळवणी, म्हणजे ते पाणी मुळाशी ओता. वाफसा आला की खुरप्याने वरचा थर हलका मोकळा करा. युरियाचा दुसरा हप्ता नवी पालवी दिसल्यावरच. दुखऱ्या मुळांना खत पचत नाही, असा माझा अनुभव.

किडींचं थोडक्यात. आजूबाजूला कापूस असेल तर तुडतुडे आणि पांढरी माशी भेंडीवर येणारच. पिवळे चिकट सापळे, पाच टक्के निंबोळी अर्क. शिरा पिवळ्या पडलेलं झाड दिसताक्षणी उपटा, त्याला औषध शोधत बसू नका.

रात्री पाऊस झाला की सकाळी चहाआधी फावडं घेऊन चराच्या तोंडाशी जा. तिथे गवत, पालापाचोळा, नाहीतर गुटख्याच्या पुड्या अडकलेल्या असतात, आणि तेवढ्यानेही सगळं पाणी मागे फिरतं. तोंड मोकळं करा, आणि पाणी पुढे वाहतंय हे डोळ्यांनी पाहूनच घरी या.