ओल्या बर्फावरचं स्कीइंग: कॅस्केडमध्ये सीझनच्या सुरुवातीला या चुका टाळा

थँक्सगिव्हिंग उलटलं की सिअ‍ॅटल-बेलव्ह्यूकडची मंडळी स्कीचं सामान बाहेर काढतात. जाड पफर जॅकेट, दोन-दोन मोजे, हातात धरायचे हीट पॅक. सगळा बंदोबस्त थंडीचा! वॉशिंग्टन राज्यातल्या कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिम बाजूला नोव्हेंबर-डिसेंबरात पारा बहुतेक वेळा शून्याच्या अलीकडे-पलीकडे घुटमळतो आणि पॅसिफिकवरून येणारी हवा ओलीचिंब असते. तयारी करायची ती मुंबईच्या जुलैची, फक्त पाणी गोठणबिंदूला आलेलं. उणे आठ अंशांत कोरड्या बर्फात दिवसभर मजेत खेळणारा माणूस एक अंशाच्या पावसात दोन तासांत काकडून लॉजमध्ये जाऊन बसतो.

फोनवरचं बर्फाचं चित्र बघून निघणं

चित्रापेक्षा दोन आकडे बघा: फ्रीझिंग लेव्हल आणि स्नो लेव्हल. पहिला म्हणजे हवा शून्य अंशाला असते ती उंची. पडता पडता बर्फ लगेच वितळत नाही, त्यामुळे स्नो लेव्हल साधारण हजार फूट खाली असते. समजा फ्रीझिंग लेव्हल ४,५०० फूट आहे, म्हणजे बर्फ अंदाजे ३,५०० फुटांपर्यंत. स्नोक्वाल्मी पास (पास म्हणजे खिंड) ३,०२२ फुटांवर, तिथे पायथ्याशी पाऊस. स्टीव्हन्स पास ४,०६१ फुटांवर, तिथे जड, ओला बर्फ. क्रिस्टल माउंटनचा पायथाच ४,४०० फुटांच्या आसपास, तिथे बरी परिस्थिती. एकाच सकाळी तीन ठिकाणी तीन तऱ्हा.

स्नोक्वाल्मीची आणखी एक खोड आहे. खिंडीतून पूर्वेकडची थंड हवा पश्चिमेकडे वाहत असते आणि तिच्या डोक्यावरून वादळाची उबदार हवा येते. वर बर्फ वितळून झालेला पाऊस खाली येऊन लिफ्टच्या खुर्चीवर, गॉगलवर, रस्त्यावर काचेसारखा गोठतो. नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलांच सेंटर या हिमस्खलनाचे अंदाज देणाऱ्या संस्थेच्या हवामान केंद्रांचे तासातासाचे आकडे मोफत बघता येतात. त्यात वरचं तापमान खालच्यापेक्षा जास्त दिसलं आणि वारा पूर्वेचा असला, तर फ्रीझिंग रेनची शक्यता धरा.

क्रमही बघा. आधी पाऊस आणि मग हवा थंड होत बर्फ, तर नवा थर जुन्याला नीट चिकटतो. आधी हलका बर्फ आणि वरून पाऊस, तर खाली भुसभुशीत, वर जड. असा थर स्कीला वाईट आणि हिमस्खलनाला पोषक. त्या दिवशी रिसॉर्टच्या हद्दीबाहेर पाऊल टाकू नका.

स्की चिकटतात म्हणून जुन्या वॅक्सवर नवं वॅक्स थापणं

सपाटीवर येताच स्की ब्रेक लागल्यासारख्या थांबतात आणि माणूस पुढे फेकला जातो. ओल्या बर्फात स्कीचा तळ आणि बर्फ यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो तळ ओढून धरतो. दुकानातलं सर्व-हवामानी वॅक्स इथे कमी पडतं. गरम तापमानाचं वॅक्स घ्या (बहुतेक कंपन्यांत ते पिवळं असतं) आणि पाकिटावरचा तापमानाचा पट्टा वाचा. ओल्या बर्फाचं तापमान शून्य धरायचं. पण नुसतं वॅक्स पुरत नाही. तळावर उभ्या बारीक खाचा हव्यात, म्हणजे पाण्याला निघून जायला वाट मिळते. ट्यूनिंगच्या दुकानात ओल्या बर्फासाठी जाड स्ट्रक्चर (या खाचांचा नमुना) मागा.

घरी करायचं तर तळ आधी साफ करा. इस्त्री पाकिटावर दिलेल्या तापमानावर ठेवा. धूर आला तर ती जास्त तापली आहे. इस्त्री एका जागी थांबू न देता टोकाकडून शेपटीकडे सरकवा. अर्धा तास थंड होऊ द्या. मग प्लास्टिकच्या स्क्रेपरने खरवडायचं, काही निघेनासं होईपर्यंत. बहुतेकांची चूक इथेच होते: महागाचं वॅक्स वाया जाऊ नये म्हणून थर तसाच ठेवतात. वर राहिलेलं वॅक्स खाचा बुजवतं आणि स्की आणखी अडखळतात. शेवटी टोकाकडून शेपटीकडे ब्रश, दहा-पंधरा वेळा. कपाटात जुनी फ्लोरो (फ्लोरिनयुक्त) वॅक्सची डबी असेल तर ती तिथेच राहू द्या. स्पर्धांमध्येही २०२३-२४ च्या हंगामापासून त्यावर बंदी आहे.

बाइंडिंग सुटली म्हणून स्क्रू आवळणं

ही सगळ्यात धोकादायक चूक. ओला बर्फ बुटाच्या तळव्याला घट्ट चिकटतो. लॉजमध्ये तो थोडा वितळतो, बाहेर आल्यावर तिथेच बर्फाची चकती होते. बूट मग बाइंडिंगवर (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या यंत्रणेवर) अर्धा सेंटिमीटर उंच बसतो. टाच कशीबशी अडकते. पहिल्याच वळणाला स्की निसटते, किंवा पडल्यावर सुटायला हवी तेव्हा सुटत नाही. दोष बुटाखालच्या बर्फाचा, आणि आवळला जातो स्क्रू. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीइंगची पद्धत यांवरून ठरलेली ती सेटिंग डोंगरावर बदलायची नाही.

बूट बाइंडिंगच्या पुढच्या भागाच्या कडेवर मागे-पुढे घासा, आधी टाच, मग चवडा. काठीने टाचेखालची आणि ब्रेकच्या पट्टीवरची भर काढा. आधी चवडा बसवा, मग टाच दाबा. मागचा लिव्हर पूर्ण वर आला का ते वाकून बघा. अर्ध्यावर असेल तर काढून पुन्हा.

उतारावर

पावडरमध्ये (कोरड्या, भुसभुशीत बर्फात) झुकतात तसं मागे झुकू नका. या जड बर्फात वजन मध्यावर आणि दोन्ही पायांवर सारखं ठेवा, वळणं लांब आणि गोल घ्या. झटका देऊन स्की वळवली तर ती जागीच रुतते आणि पिळवटतो गुडघा. थोडा तीव्र उतार उलट सोपा जातो. सुरुवातीला थर पातळ असतो, खाली खडक, झाडांची खोडं, झाकले गेलेले ओढे. ग्रूम केलेले (यंत्राने सपाट केलेले) रन सोडू नका. दोरी लावलेली असेल तर तिथे ताजा बर्फ कितीही खुणावला तरी नाही.

कपडे

बाहेरचं जॅकेट पूर्ण सीलबंद शिवणीचं हवं. आत मेरिनोचा थर, त्यावर पातळ फ्लीस. पिसांचं जॅकेट भिजलं की निकामी. पाणी कापडावर पसरू लागलं की नवं जॅकेट घ्यायची घाई नको. तांत्रिक कपड्यांच्या साबणाने धुवा, सॉफ्टनर अजिबात नको, आणि लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर वीस मिनिटं फिरवा. पाणी झटकायचा गुण बहुधा परत येतो. हातमोज्यांच्या दोन जोड्या ठेवा आणि पावसात मोज्याचं तोंड बाहीच्या आत घ्या, बाहेर नाही. पायमोजा एकच आणि पातळ, तोही पार्किंगमध्ये पोचल्यावर घाला, नाहीतर गाडीतल्या हीटरने पाय आधीच घामेजतात. गॉगल कपाळावर चढवू नका; आतली बाजू पुसू नका, पाणी फक्त झटका.

निघताना आणि परतल्यावर

ऑल-व्हील ड्राइव्ह आहे म्हणून टायरच्या साखळ्या घरी ठेवणं बरोबर नाही. पासवर साखळी सक्तीत तुमच्या गाडीला त्या न लावण्याची सूट असली तरी त्या डिकीत असाव्याच लागतात, आणि सर्व वाहनांना सक्ती असेल तेव्हा ती सूटही नसते. अंगणात एकदा लावून बघा.

घरी आल्यावर बुटांचे आतले लायनर बाहेर काढून पंख्यासमोर ठेवा, हीटरला टेकवून नाही. रात्रीतून वाळले नाहीत तर सकाळी ओल्या लायनरमध्ये पाय घालावा लागेल. बूट पुन्हा जोडल्यावर बकल हलकेच लावून ठेवा म्हणजे प्लास्टिकचा आकार टिकतो. स्कीच्या कडा त्याच संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसा. ओल्या बॅगेत एक रात्र राहिल्या तरी गंज चढतो, आणि तो गमी स्टोनने (कडा घासायच्या रबरी ठोकळ्याने) घासून काढावा लागतो.