घरातला अरोकेरिया: खालचा मजला जपायचा

माझ्या अरोकेरियाला, म्हणजे ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत विकतात त्या झाडाला, आज आठ मजले आहेत. मजले म्हणजे फांद्यांचे थर. खोडाभोवती छत्रीच्या काड्यांसारख्या पाच-सहा फांद्या एका पातळीत फुटतात, वर वीतभर जागा सोडून पुन्हा तशाच. सगळ्यात खालचा थर अजून हिरवागार आहे, आणि मला त्याचंच अप्रूप आहे. या झाडाची खालची फांदी एकदा वाळून गळाली की तिथं दुसरी फुटत नाही. त्यामुळे निगा राखायची ती खालचा मजला डोळ्यांसमोर ठेवूनच.

पहिलं झाड माझ्या हातून गेलं. डिसेंबरात एका नर्सरीतून ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून आणलं होतं. नर्सरीवाले म्हणाले, “ताई, घरात कुठंबी ठेवा, रोज तांब्याभर पाणी घाला.” कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या मधल्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो, तिथं ठेवलं आणि रोज पाणी घातलं. होळीपर्यंत खालचे दोन थर तपकिरी पडले, पाडव्याला बुंधा उघडा. उपसून बघितलं तर मुळं काळी, मऊ, आंबूस वासाची.

हे झाड मूळचं नॉरफोक बेटावरचं, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मधल्या समुद्रातलं. कॅप्टन कुकनं 1774 मध्ये ते बेट पाहिलं, तेव्हा हीच झाडं तिथं उभी होती. पाइन म्हणत असले तरी खऱ्या पाइनच्या कुळातलं हे नव्हे. समुद्रकाठचं असल्यामुळे त्याला दमट हवा, भरपूर उजेड आणि पाणी न साचणारी माती लागते. (मोरपंखी मात्र घरात आणू नका. तिला ऊन लागतं, ती अंगणातच शोभते.)

विकत घेताना कुंडीत डोकावून बघा. झाड भरगच्च दिसावं म्हणून एका कुंडीत तीन-चार रोपं लावलेली असतात, ती पुढं एकमेकांचा उजेड अडवतात. एकच सरळ खोडाचं रोप घ्या. चमकी किंवा रंग मारलेलं अजिबात नको.

जागा पूर्वेच्या खिडकीची. सकाळचं कोवळं ऊन चालतं, एप्रिलमधलं दुपारचं ऊन सुयांची, म्हणजे त्याच्या टोकदार पानांची, टोकं भाजून काढतं. झाड उजेडाकडं झुकतं म्हणून दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवायची. मी रविवारी फिरवते. जोतिबाचा वार, विसरायला होत नाही.

माती नदीकाठच्या मळीची, म्हणजे गाळाच्या रानाची, नको. ती उसाला सोनं आहे, पण कुंडीत चिकट गोळा होऊन बसते. मी दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जाड वाळू आणि एक भाग गांडूळखत घेते. कुंडी दोन-तीन वर्षांनी बदलायची, जूनच्या सुरुवातीला, आणि आधीच्यापेक्षा दोनच इंच मोठी. मुळं नाजूक असतात, मातीचा गड्डा फोडायचा नाही.

पाण्याला वार नाही, बोट आहे. दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत खुपसायचं. कोरडं लागलं तरच खालून निथळेपर्यंत पाणी घालायचं आणि बशीतलं पाणी ओतून टाकायचं. जुलैत आपल्याकडं पावसाची झड लागली की आठ-आठ दिवस पाणी लागत नाही. “पावसाचं पाणी चांगलं” म्हणून त्या दिवसांत कुंडी गच्चीवर विसरू नका, मुळं कुजतात ती तेव्हाच.

खरी कसोटी मार्च-एप्रिलची. हवा कोरडी, वरून पंखा. पंख्याच्या झोतातून कुंडी बाजूला घ्या. रुंद ताटात खडे आणि पाणी ठेवून त्यावर कुंडी ठेवा, तळ मात्र पाण्याला टेकू देऊ नका. याच दिवसांत लाल कोळी येतो, ही पानांतला रस शोषणारी बारीक कीड. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. मोहरीहून बारीक ठिपके चालायला लागले तर तो आलाच. झाड न्हाणीत नेऊन सुयांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा फवारा मारायचा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्याचं लिक्विड घालून संध्याकाळी फवारायचं, आठवड्यानं पुन्हा. वळीव पडायला लागले की हा त्रास कमी होतो.

गळीत हंगामात आमच्या खिडकीत उसाच्या चिपाडाची काजळी येते. सुयांवर ती बसली की हिरवा रंग मळतो आणि उजेडही अडतो. महिन्यातून एकदा झाड धुवायचं, कापडानं पुसायचं नाही, सुया मोडतात.

खत पावसाळ्यात महिन्यातून एकदा, पातळ करून, थंडीत बंद. नाताळात एखादी हलकी चांदणी टांगा. जड माळांनी फांद्या वाकतात आणि तशाच राहतात.

शेंडा कधीच छाटायचा नाही, झाडाचा आकार कायमचा जातो. घरात ते सावकाश वाढतं, तरी एक दिवस छताला लागतंच. आमचं आता पंख्याच्या दांडीपर्यंत आलंय. पुढच्या मिरगाला ते भावाच्या कागलच्या मळ्यात जाणार आहे. विहिरीपासून आणि घरापासून वीस फूट लांबची जागा आम्ही बघून ठेवली आहे. त्याआधी पंधरा दिवस गॅलरीत रोज थोडं थोडं ऊन वाढवत न्यायचं.