पट्टीच्या फोटोपासून हिशेबाच्या नोंदीपर्यंत: आपल्या ॲपमधून दुसरा प्रोग्रॅम कसा चालवावा

हापूसचा मोसम सुरू झाला की रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांच्या फोनवर वाशीच्या बाजारातून पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, यायला लागतात. किती पेट्या पोचल्या, काय भाव लागला, भाडं-हमाली किती वजा झाली, सगळं त्या एका फोटोत. मग रात्री घरातलं कुणीतरी ते आकडे उतरवत बसतं. घरच्या संगणकावर हिशेबाचं साधं ॲप असेल, तर या कामातला बराच भाग त्याच्याकडून करून घेता येतो. फोटोतली अक्षरं ओळखणारा टेसरॅक्ट नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. एचपी कंपनीत 1980 च्या दशकात त्याचं काम सुरू झालं, 2005 मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला आणि तो मराठीही वाचतो. तुमच्या ॲपने फक्त त्याला हाक मारायची आणि तो काय सांगतो ते नीट टिपायचं. हाताने लिहिलेली पट्टी मात्र त्याच्या भरवशावर सोडू नका. छापील पट्टीवर तो चांगला चालतो.

उदाहरणं पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची घेतो. सी-शार्प ही दुसरी भाषा किंवा खिडक्यांची ॲप्स बनवायचं क्यूटी हे साधन वापरत असाल, तरी क्रम हाच राहतो.

आधी हाताने चालवून बघा

कमांडची खिडकी उघडा. प्रोग्रॅमचं नाव, मग फोटोचं नाव, मग निकालाच्या फाईलच्या जागी ‘स्टडआउट’ हा शब्द आणि शेवटी भाषा, एवढं द्या. ‘स्टडआउट’ दिल्यामुळे मजकूर फाईलमध्ये न जाता समोर पडद्यावर येतो. भाषेसाठी मराठीचा एम-ए-आर आणि इंग्रजीचा ई-एन-जी हे संकेत अधिकच्या चिन्हाने जोडायचे. इथे जे चालत नाही ते ॲपमधूनही चालणार नाही, म्हणून ही पायरी गाळू नका.

कमांड यादी करून द्या

पायथॉनमध्ये दुसरे प्रोग्रॅम चालवणाऱ्या ‘सबप्रोसेस’ मॉड्यूलचं ‘रन’ हे फंक्शन वापरा. सगळी कमांड एका ओळीत चिकटवून शेलच्या, म्हणजे कमांडची ओळ वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हाती देऊ नका, प्रत्येक तुकडा यादीत वेगळा ठेवा. फाईलचं नाव ‘वाशी पट्टी 12 एप्रिल’ असं असेल, तर शेल मधल्या जागांवर ते तोडतो आणि एका फोटोचे चार फोटो समजतो. नावात अर्धविराम किंवा तसलं चिन्ह आलं तर भलतीच कमांड चालण्याचा धोका असतो. प्रोग्रॅमचा पत्ताही पूर्ण द्या. तुमच्या संगणकावर नुसत्या नावाने तो सापडतो म्हणून पॅकिंग शेडमधल्या संगणकावर सापडेलच असं नाही.

तीन उत्तरं, तीन जागा

चाललेला प्रोग्रॅम तीन गोष्टी परत देतो: मुख्य मजकूर, तक्रारींचा वेगळा प्रवाह आणि संपताना एक आकडा. शून्य म्हणजे काम झालं, दुसरं काही म्हणजे अडलं. ‘कॅप्चर आउटपुट’ हा पर्याय चालू केला की दोन्ही प्रवाह वेगवेगळे हाती येतात. ते एकत्र करू नका, नाहीतर पेट्यांच्या आकड्यांमध्ये इशाऱ्यांच्या ओळी घुसतील.

आता फक्त तो आकडा बघून भागत नाही. फोनवरून आलेल्या फोटोत रिझोल्यूशनची नोंद बऱ्याचदा नसते, तेव्हा टेसरॅक्ट तक्रारीच्या प्रवाहात तसा इशारा लिहितो आणि काम मात्र व्यवस्थित पुरं करतो. म्हणजे तक्रार आली की अपयश, असं धरून चालणार नाही. उलट बाजूही बघा. मराठीची भाषा-फाईल बसवलेलीच नसेल आणि इंग्रजीची असेल, तर तो मराठी सापडली नाही एवढं तक्रारीत नोंदवतो, इंग्रजी समजून पट्टी वाचतो आणि शेवटी शून्य देतो. पडद्यावर निरर्थक अक्षरं येतात, ॲप म्हणतं सगळं ठीक. म्हणून तक्रारीचा प्रवाह प्रत्येक वेळी लॉग फाईलमध्ये ठेवा आणि भाषा न सापडल्याची ओळ त्यात आहे का, हे ॲपला तपासायला लावा.

देवनागरी जपा

टेसरॅक्ट मजकूर यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, देतो. विंडोजवर पायथॉन मात्र न सांगता भलतंच एन्कोडिंग धरू शकतो. मग ‘पेटी’च्या जागी खुणांची रांग दिसते किंवा ॲप मध्येच थांबतं. ‘रन’ला एन्कोडिंग यूटीएफ-8 असं स्पष्ट सांगा. येणारा मजकूर तुकड्यातुकड्याने वाचत असाल तर जास्त जपा: देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि तुकडा नेमका मधेच तुटू शकतो.

पाइप तुंबू देऊ नका

‘रन’ऐवजी त्याच मॉड्यूलमधलं ‘पोपेन’ वापरणाऱ्यांची सगळ्यात मोठी अडचण हीच. दोन प्रोग्रॅममधल्या पाइपला, म्हणजे मजकूर ज्यातून येतो त्या वाटेला, मर्यादा असते, लिनक्सवर ती सहसा 64 केबी. तुम्ही काहीही न वाचता ‘वेट’ करून शेवटाची वाट बघत बसलात आणि पाइप भरला, तर तो प्रोग्रॅम पाइपमध्ये जागा रिकामी होण्याची वाट बघतो आणि तुम्ही तो संपण्याची. दोघेही कायमचे अडकतात. एका फोटोवर हे कळत नाही, मोठ्या गठ्ठ्यावर कळतं. ‘कम्युनिकेट’ वापरा, ते दोन्ही प्रवाह सोबतच रिकामे करत राहतं. ‘रन’ आतून तेच करतं.

खिडकी गोठू देऊ नका

हे काम बटणाच्या फंक्शनमध्येच केलंत तर वाचन संपेपर्यंत ॲप हलत नाही, आणि वापरणारा ते बंद पडलं समजून पुन्हा पुन्हा क्लिक करतो. काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे ॲपमध्येच समांतर चालणाऱ्या धाग्यावर, टाका, निकाल रांगेत ठेवा आणि टीके-इंटरमध्ये (पायथॉनचं खिडक्या बनवायचं साधन) ‘आफ्टर’ने ती रांग तपासत राहा. त्या थ्रेडवरून खिडकीतल्या बटणांना हात लावू नका. क्यूटीत ‘क्यूप्रोसेस’ काम संपल्याचा सिग्नल स्वतःच देतो, तिथे हा व्याप नाही. सी-शार्पमध्ये आउटपुट टिपायचं तर ‘यूज शेल एक्झिक्यूट’ बंद असायला हवं.

बरेच फोटो एकदम द्यायचे असतील तर ‘ओएमपी थ्रेड लिमिट’ हा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅम सुरू होताना त्याला बाहेरून दिलेली सेटिंग) 1 ठेवा. नाहीतर प्रत्येक टेसरॅक्ट स्वतःचे अनेक थ्रेड काढतो आणि जुना संगणक धापा टाकायला लागतो.

वेळेची मर्यादा

‘टाइमआउट’ नेहमी द्या. वेळ संपली की ‘रन’ त्या प्रोग्रॅमला थांबवतो आणि तसा एक्सेप्शन, म्हणजे चुकीची सूचना, देतो. तो पकडून ‘हा फोटो वाचता आला नाही, आकडे हाताने भरा’ असं मराठीत दाखवा, फोटोच्या नावासकट. शेलमधून चालवलं असेल तर मात्र शेल मरतो आणि खरा प्रोग्रॅम मागे चालूच राहू शकतो. ॲप मधेच बंद केलं तरी हेच होऊ शकतं, तेव्हा खिडकी बंद होताना चालू प्रोग्रॅम तपासून आधी ते थांबवा.